घराण्याने पाहिलेल्या लढाया कशा लिहून ठेवाव्यात

आमच्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत पेन्शनच्या कागदांखाली एक छायाचित्र होते. झावळ्यांनी शाकारलेल्या घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी उभी आहे, तिच्या अंगात गडद रंगाचा सदरा आहे, दात काळे आहेत आणि ती छायाचित्र काढणाऱ्याकडे न पाहता त्याच्या मागच्या रस्त्याकडे पाहत आहे. पाठीमागे आजोबांच्या अक्षरात लिहिले आहे, "डोंग होई, नोव्हेंबर ५६. वाट बघणारी." आजी हे छायाचित्र हातात घेऊन म्हणायची, "ही पण आमच्यासारखी मिश्री लावते बघ." व्हिएतनाममधील जुन्या पिढीच्या बायका दात मुद्दाम रंगवून काळे करीत, ती मिश्री नव्हे, हे मला पुष्कळ उशिरा कळले, तोवर आजीच्या लेखी ती बाई चंदगडकडची कोणीतरी नातलगच होऊन बसली होती.

आजोबा पलटणीत हवालदार कारकून होते आणि १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाच्या कामासाठी त्यांना व्हिएतनामला पाठवण्यात आले होते. त्या करारात सतराव्या अक्षांशाजवळ, बेन हाय नदीच्या काठाने, देशाचे तात्पुरते दोन भाग पाडण्यात आले. देखरेखीसाठी भारत, कॅनडा आणि पोलंड यांचा आयोग नेमण्यात आला, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि त्याच्या तुकड्यांसाठी उत्तरेत ७ व दक्षिणेत ७ ठाणी ठरवून देण्यात आली. डोंग होई हे उत्तरेतील, रेषेपासून फार दूर नसलेले ठाणे. त्या म्हातारीचा मुलगा दक्षिणेत गेला होता. जुलै १९५६ मध्ये निवडणूक होऊन देश एक होईल आणि मुलगा घरी येईल असे तिला सांगण्यात आले होते. निवडणूक झालीच नाही, आणि आयोगाची माणसे रेषा ओलांडून ये-जा करतात म्हणून ती रोज आजोबांच्या तुकडीकडे येऊन निरोप आला का, असे विचारीत असे.

त्याच नोव्हेंबरात आजोबांना घरून पत्र गेले की १ तारखेपासून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आहे, मात्र चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवला आहे. आजीचे सासर खानापूर तालुक्यातले आणि माहेर चंदगडचे. तिचे माहेर आणि सासर एका दिवसात दोन राज्यांत गेले. या दोन रेषांची बरोबरी मी करीत नाही आणि कोणी करू नये. चंदगडला जाणाऱ्या आजीला कोणी बंदूक दाखवली नाही, ती दर माघात माहेरी जाऊन आली. पण एका माणसाने एकाच महिन्यात ही दोन्ही वर्तमाने ऐकली, त्यातले एक छायाचित्राच्या पाठीवर लिहून ठेवले आणि दुसरे कुठेच लिहिले नाही, हे माझ्या ध्यानात आले तेव्हापासून मी आमच्या घराण्याच्या लढाया लिहायला बसले. त्या कामात जे शिकले ते आपल्या भागातील घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडच्या कितीतरी घरांत पणजोबा इराकातल्या बसऱ्याला, आजोबा इटलीला आणि वडील १९६५ किंवा १९७१ च्या लढाईला गेलेले आहेत. अशा घरात इतिहास असतो, पण तो बहुधा भिंतीवरच्या एका फोटोत आणि श्राद्धाच्या दिवशी निघणाऱ्या दोन-चार गोष्टींत अडकलेला असतो.

सुरुवात घरी राहिलेल्या माणसापासून करावी

बहुतेक जण लिहायला बसताच लढाईचे नाव लिहितात आणि तिथेच अडतात, कारण लढाईची माहिती पुस्तकांत आपल्यापेक्षा चांगली असते. आपल्यापाशी जे आहे ते पुस्तकात नसते: माणूस गेल्यावर घर कसे चालले, पेरणी कोणी केली, मनीऑर्डर कोणाच्या नावाने येई, ती वाचून कोण दाखवी. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सैनिकाचे नाव न लिहिता, त्या काळात घरात राहिलेल्या सर्वांत ज्येष्ठ बाईचे नाव लिहावे आणि तिच्या वयाच्या आधारे पुढची सर्व वर्षे मोजावीत.

ही रीत मला व्हिएतनामविषयी वाचताना सुचली, कारण तिथे लढाई घरातून दूर गेलीच नाही. उदाहरणासाठी एक बाई धरू. ती १९३० साली उत्तरेतील थाय बिन्ह प्रांतात जन्मली असे समजू. १९४५ साली ती १५ वर्षांची आहे आणि तिच्या प्रांताला दुष्काळाची सर्वाधिक झळ बसली आहे: जपान्यांनी सक्तीने भात उचलले, भाताच्या जमिनीत तागासारखी पिके घ्यायला लावली, पुराने उरलेले पीक नेले आणि बॉम्बहल्ल्यांमुळे दक्षिणेचा तांदूळ उत्तरेत पोचेना. त्या दुष्काळात चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत माणसे मेली असे निरनिराळे अंदाज आहेत. डिसेंबर १९४६ मध्ये फ्रेंचांशी युद्ध पेटले तेव्हा ती १६ वर्षांची, आणि ७ मे १९५४ रोजी फ्रेंचांचे दिएन बिएन फू हे लष्करी ठाणे पडले तेव्हा २४ वर्षांची. १९४८ साली तिला मुलगा झाला असेल, तर अमेरिकेचे सैन्य मोठ्या संख्येने दक्षिणेत उतरल्यावर एका वर्षाने, १९६६ साली, तो १८ वर्षांचा झाला. ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिणेची राजधानी सायगाव पडली तेव्हा ती ४५ वर्षांची होती. धाकटा मुलगा १९५९ चा धरला, तर १९७९ च्या फेब्रुवारीत चीनचे सैन्य उत्तर सीमेवर घुसले तेव्हा तो १९-२० वर्षांचा, म्हणजे भरतीच्या वयाचा. एकाच बाईच्या पन्नाशीच्या आत दुष्काळ आणि चार शत्रू झाले. हीच गोष्ट युद्धांच्या यादीने सांगितली असती तर ती कोणाचीच झाली नसती.

आता हाच हिशेब आपल्या घरी करावा. माझी पणजी १८९८ च्या सुमारास जन्मली. १९१६ साली तिचा नवरा बसऱ्याकडे असताना ती १८ वर्षांची होती. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, तिचे पहिले मूल गेले तेव्हा २० वर्षांची. दुसऱ्या जर्मन लढाईत तिचा मुलगा पलटणीत होता तेव्हा पंचेचाळिशीत. आणि खानापूर म्हैसूर राज्यात गेले तेव्हा ५८ वर्षांची. वहीचे पान उभे दुभागावे, डावीकडे घरातली घटना व बाईचे वय लिहावे आणि उजवीकडे त्या वर्षीची लढाई किंवा सरकारी घटना लिहावी. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे जाऊ नये.

व्हिएतनामच्या तम की शहराजवळ २०१५ साली एक प्रचंड स्मारक उभे राहिले, ते कोणा सेनापतीचे नाही. नऊ मुलगे लढायांत गमावलेल्या न्गुयेन थी थू या खेडवळ बाईच्या चेहऱ्यावरून ते घडवले आहे. तिथे १९९४ पासून 'वीर व्हिएतनामी माता' असा किताबही दिला जातो. सरकारी गौरवाला सरकारी हेतू असतातच, पण मोजदाद आईपासून सुरू करण्याची दृष्टी मला घेण्यासारखी वाटते.

विचारपूस कशी करावी

पहिल्या भेटीत मोबाईल पुढे ठेवू नये. भातलावणीच्या आणि मळणीच्या दिवसांत जाऊ नये. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी जावे. बाहेरच्या घरी गेल्यास 'मावशी', 'काकू', 'आज्जी' म्हणून 'तुम्ही'नेच बोलावे. आपल्याच आज्जीला आपण 'तू' म्हणतो तर त्या दिवशी एकाएकी 'तुम्ही' म्हणू नये, कारण ती लगेच पाहुण्यांशी बोलावे तशी बोलू लागते आणि आतली गोष्ट आतच राहते.

"तुम्हाला तेव्हा कसे वाटले?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका त्याचे उत्तर "काय वाटायचं, नशिबाचं" असे देतात आणि विषय संपतो. त्याऐवजी वस्तू विचारावी. तार आली तेव्हा चुलीवर काय होते, तार कोणी वाचली, पोस्टमन उंबऱ्याबाहेर थांबला की आत आला, त्या वर्षी कोणते शेत पडीक राहिले, मनीऑर्डर किती रुपयांची असे आणि त्यातले दुकानदाराकडे किती जात. मी आजीला आजोबांच्या परदेशातल्या दिवसांबद्दल अनेकदा विचारले होते आणि दर वेळी "होते तिकडं" एवढेच ऐकले होते. एकदा मी सहज विचारले की त्यांचा सुट्टीचा बिछाना तू कुठे ठेवायचीस, तेव्हा ती तासभर बोलली: बिछान्याची वळकटी माळ्यावर न ठेवता दाराशेजारीच ठेवायची, आठवड्याला उन्हात घालायची, आणि सासूने एकदा ती माळ्यावर टाकली म्हणून तिने दोन वेळ जेवण सोडले होते.

सैनिकाने स्वतः सांगितले तर फारच उत्तम, पण त्याला लढाईपेक्षा लंगर, बूट, पाऊस, सोबत्यांची गावे यांविषयी आधी विचारावे. मारण्या-मरण्याचे त्याने होऊन सांगितले तरच ऐकावे आणि त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारू नये. तो रात्री झोपला नाही असे घरातल्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, तर पुन्हा त्या विषयाकडे नेऊ नये. वही अपुरी राहिली तरी चालेल.

या कामाला पितृपक्ष ही सर्वांत योग्य वेळ आहे. व्हिएतनामी घरांत मृताचा वार्षिक दिवस, ज्याला ते 'झो' म्हणतात, आपल्यासारखाच तिथीने पाळला जातो. त्या दिवशी मृताच्या आवडीचे पदार्थ करून आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात, मग सगळे भाऊबंद एकत्र जेवतात, आणि घराण्याच्या गोष्टी बहुतेक त्या पंगतीतच पुढच्या पिढीकडे जातात. आपल्याकडेही सर्वपित्री अमावस्येला जे बोलले जाते ते एरवी बोलले जात नाही. त्या दिवशी प्रश्न विचारू नयेत, नुसते ऐकावे, आणि रात्री घरी येऊन आठवेल ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. 'जर्मनची लढाई', 'बसऱ्याला गेला', 'पेन्शनीवर आला' हे शब्द सुधारून 'प्रथम महायुद्ध' आणि 'सेवानिवृत्ती' असे करू नयेत. व्हिएतनामी माणूस ज्याला 'अमेरिकेविरुद्धचा प्रतिकार' म्हणतो त्याला बाहेरचे जग 'व्हिएतनाम युद्ध' म्हणते. लढाईला कोण काय नाव देतो, यातच ती कोणाच्या दारात झाली हे कळते.

जो परत आला नाही त्याची तिथी

हा भाग मी थोडा सविस्तर लिहिते, कारण घरोघरी लोक इथेच अडतात.

मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूत-अल-अमाराला तुर्की सैन्याचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्या फौजेने शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शरण गेलेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेले, पुष्कळ जण वाटेत मेले, कित्येकांना रेल्वेच्या कामावर राबवण्यात आले आणि घरी बराच काळ काहीच कळले नाही. खानापूर तालुक्यातील एका घरात मला सांगण्यात आले की त्यांच्या पणजीने नवरा बेपत्ता झाल्यावर अनेक वर्षे कुंकू लावले. गावात तिला कोणी सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलवीत नसे आणि विधवा म्हणून टाळीतही नसे. शेवटी मुलाच्या लग्नात पूजेला बसायचे कोणी हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा भटजींना विचारून तिने कुंकू पुसले, आणि नवरा ज्या तिथीला घरातून निघाला होता तीच त्याची तिथी धरली गेली.

मी हे ऐकले तेव्हा चकित झाले, कारण हाच तोडगा व्हिएतनामी घरांत काढल्याचे मी वाचले होते. तिथे सुमारे दोन लाख सैनिकांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. मृत्यूची नोटीस कधी कधी अनेक वर्षांनी येई आणि तिच्यात जागा म्हणून नुसते 'दक्षिण आघाडी' लिहिलेले असे. ज्यांच्या मरणाचा दिवस माहीत नाही अशांचा 'झो' काही घरे ते घर सोडून गेले त्या दिवशी करतात, तर काही २७ जुलैला, म्हणजे १९४७ पासून युद्धातील जखमी व हुतात्म्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या दिवशी करतात.

तुमच्या घरात असा माणूस असेल तर वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: कागदावर असलेली मृत्यूची तारीख, घरी बातमी कळल्याचा दिवस, आणि घराने मानलेली तिथी. तिन्ही सहसा जुळत नाहीत आणि त्या जुळवू नयेत. मधला काळ घरातल्या बाईने कसा काढला, हेच त्या पानावर सविस्तर यायला हवे.

कागदावरची तारीख शोधण्यासाठी राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाची नोंदवही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या भारतीय सैनिकांची नावे, नंबर, पलटण, तारीख आणि स्मारक तिच्यात मिळते, कित्येकदा बापाचे नाव आणि गावही मिळते. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा स्मारक, फ्रान्समधल्यांसाठी न्यव्ह शापेल, इटलीतल्या पुष्कळांसाठी कसिनो अशी स्मारके आहेत. १० जुलै १९४४ रोजी पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेली नावे असल्यामुळे आडनावाची पाच-सहा निरनिराळी स्पेलिंगे घालून पाहावीत, आडनाव सोडून नुसते पहिले नाव घालून पाहावे, आणि नंबर हाती असेल तर त्यावरच विश्वास ठेवावा.

ट्रंक कशी उघडावी

पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, उघडावी. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात कागद इतका दमट असतो की घडी उलगडताना फाटतो. वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या आहेत तो क्रम आधी मोबाईलवर टिपून घ्यावा, कारण कोणता कागद कशाखाली होता यावरूनही काही कळते.

पहिल्या महायुद्धाची पदके चिंच-मिठाने किंवा बाजारातल्या पावडरीने घासू नयेत. गोल पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या घरी दर दसऱ्याला पदके घासण्याची प्रथा होती आणि पणजोबांच्या नंबरातले दोन आकडे त्यात गेले. मऊ कपड्याने पुसावे, कडेवर तिरपा उजेड पाडून भिंगातून वाचावे. दुसरी चूक माझी स्वतःची आहे. आजोबांचे एक पत्र विरत चालले म्हणून मी ते शहरातल्या एका दुकानातून लॅमिनेट करून आणले. उष्णतेने जांभळी शाई पसरली, आणि ते प्लास्टिक आता काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि मूळ कागद साध्या कागदाच्या लिफाफ्यात ठेवून ट्रंक जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावी.

आपल्या भागातील ट्रंकेत चार भाषा निघतात आणि त्याने दबून जाऊ नये. पणजोबांच्या वेळचे मराठी कागद मोडीत असतात, पलटणीतले काही कागद रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीत असतात, पेन्शनचे इंग्रजीत, आणि १९५६ नंतरचे जमिनीचे उतारे कन्नडात. मोडी वाचणारी माणसे बेळगाव-कोल्हापूरकडे अजून आहेत, आणि मोडी शिकवणारे वर्गही भरतात. कन्नड कागदांसाठी घरातली शाळकरी नातवंडे बसवावीत. जो उतारा आजोबांना कधी वाचता आला नाही तो नात घडाघडा वाचून दाखवते आणि इनामाची जमीन कोणत्या साली कोणाच्या नावावर गेली हे घराला प्रथमच कळते, असे मी दोन घरांत पाहिले आहे. व्हिएतनामी घराण्यांचीही हीच स्थिती आहे. त्यांची वंशाची वही, 'झा फा', पूर्वी चिनी अक्षरांत लिहिली जाई; सरकारी अधिकारी निवडण्यासाठी त्या अक्षरांत होणारी शेवटची राजपरीक्षा १९१९ साली हुए येथे झाली, पुढे रोमन लिपी रूढ झाली, आणि आज बहुतेक नातवंडांना पणजोबांच्या हातची वही वाचता येत नाही. तिथे जी घराणी जागरूक होती त्यांनी वाचणारा म्हातारा जिवंत असताना ती नव्या लिपीत उतरवून घेतली. आपणही मोडी कागदांचे नुसते भाषांतर करून न ठेवता, ओळीला ओळ देवनागरीत उतरवून घ्यावी.

सेवेची अधिकृत माहिती हवी असेल तर फौजी नंबर, हुद्दा, भरतीचे साल आणि वारस असल्याचा पुरावा जोडून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत, या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली आणि त्यांतील इतकी कामी आली, असे सांगणारी दगडी पाटी असते. तिच्यावर रंगाचे थर असतील तर खरवडू नये, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा.

एका घरात दोन बाजू असतील तर

सायगाव पडल्यानंतर दक्षिणेच्या सैन्यात असलेल्या कितीतरी जणांना पुनर्शिक्षण छावण्यांत वर्षानुवर्षे डांबण्यात आले, बिएन होआ येथील त्यांच्या सैनिकांचे कबरस्तान दीर्घकाळ उपेक्षित राहिले, आणि पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ आठ लाख लोक होड्यांतून देश सोडून परक्या किनाऱ्यांना लागले. हुतात्म्याच्या घराला सरकारकडून मिळणारे 'मातृभूमी तुमचे ऋण मानते' असे प्रमाणपत्र केवळ विजयी बाजूच्या मृतांना मिळे. पण एक भाऊ दक्षिणेच्या फौजेत आणि एक उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या मुक्ती आघाडीत अशी घरे पुष्कळ होती, आणि तिथल्या आयांनी देव्हाऱ्यावर दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी ठेवल्या.

आपल्याकडे एक भाऊ इटलीत इंग्रजांच्या बाजूने लढत असताना दुसरा सिंगापूरला कैद होऊन आझाद हिंद सेनेत गेला, किंवा चुलता बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होता, अशी घरे आहेत. पुढे सीमाप्रश्नावरूनही एकाच घरात दोन मते झाली. १७ जानेवारीला कोणी सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करायला गेले, तर कोणी सरकारी नोकरीमुळे घरी बसले. लिहिताना यात न्याय करू नये. प्रत्येकाचे पान वेगळे करावे, दोघांना सारखी जागा द्यावी, आणि त्यांच्या आईने दोघांबद्दल काय म्हटले ते मिळाल्यास दोन्ही पानांवर लिहावे. जिवंत माणसाला ज्यातून त्रास होईल असे काही असेल तर ते त्याला वाचून दाखवून मगच ठेवावे.

खरे किती, ऐकीव किती

प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहिण्याची सवय लावावी: कागद किंवा वस्तू स्वतः पाहिली असेल तर 'पा', ज्याच्यावर गुदरले त्याने सांगितले असेल तर 'सां', आणि घरात किंवा गावात बोलले जाते एवढेच असेल तर 'बो'. यात कमीपणा नाही. आमच्या घरी सर्रास सांगितले जाई की पणजोबा कूतच्या वेढ्यात होते. त्यांच्या पदकाच्या कडेवरची पलटण वाचल्यावर कळले की ती वेढ्यात नव्हतीच. मी ती गोष्ट खोडली नाही. 'बो' लिहून ठेवली आणि शेजारी पदकाची नोंद 'पा' म्हणून केली, कारण घराने ती गोष्ट का धरून ठेवली, हाही घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे.

वही पुरी झाल्यावर तिच्या किमान तीन प्रती काढून तीन गावी ठेवाव्यात. व्हिएतनाममध्ये घराण्याच्या प्रत्येक शाखेकडे 'झा फा'ची प्रत असावी अशी रीत आहे. एका शाखेचे घर बॉम्बमध्ये जळाले तर दुसरीकडची उरे. आमच्या वहीची एक प्रत खानापुरात आहे, एक पुण्याच्या चुलतभावाकडे आणि एक चंदगडला आजीच्या माहेरी.

डोंग होईच्या त्या छायाचित्रालाही मी एक पान दिले आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकी विमानांनी त्या गावावर बॉम्ब टाकले आणि पुढच्या वर्षांत ते जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. एका चर्चचा मोडका मनोरा तेवढा आठवण म्हणून ठेवला आहे. पानाच्या समासात मी लिहिले आहे: घर, उंबरा, काळे दात, 'पा'. मुलगा दक्षिणेत गेला होता आणि ती रोज विचारायला येई, आजोबांनी सांगितले, 'सां'. आमची आजी तिला आपली नातलग समजत असे, 'सां'. त्याखाली तिचे नाव, मुलाचे नाव आणि तो परत आला का, यांसाठी तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.